घरी बांधलेल्या होडीत इनबोर्ड इंजिन बसवायचंय, ब्रॅकेट कुठल्या धातूचे आणि किती जाड घ्यावेत?

शास्त्रीकाठ

नमस्कार मंडळी. जयगड खाडीच्या काठी आमच्या परसात गेली दीड वर्षं एक होडी बांधतोय. २२ फूट लांब, ७ फूट रुंद, आयएस ७१० वाला १२ मिमी मरीन प्लाय, पठाण (तळाचा कणा) आणि वाक (आतल्या फासळ्या) सागाचे, बाहेरून ग्लास (फायबरग्लासचं कापड) आणि इपॉक्सी. घरच्यांना घेऊन खाडीत फिरायला आणि गळ टाकायला, धंद्यासाठी नाही. आता इंजिन बसवायची वेळ आलीये आणि ब्रॅकेटवर येऊन गाडी अडकलीये.

इंजिन जनरेटरवरचं जुनं आहे, दोन सिलिंडर, पाण्यावर थंड होणारं डिझेल, २० एचपी, १५०० आरपीएम. त्याला २:१ चा मरीन गिअरबॉक्स लावलाय. दोन्ही मिळून भंगारवाल्याच्या काट्यावर ३४० किलो भरलं. पूर्ण उघडून बांधलंय, त्याची काळजी नाही.

अडचण अशी की इंजिन बेडचे दोन्ही लाकडी ओंडके मी आधीच बसवून ग्लास करून टाकले, तेव्हा दुसरं इंजिन ठरलं होतं आणि तो व्यवहार फिसकटला. ओंडके सागाचे, ७५ मिमी जाड, १५० मिमी उंच, दोघांमधलं आतलं अंतर ५४० मिमी. आणि या इंजिनाच्या पायांच्या भोकांचं अंतर आहे ४५०. म्हंजे दोन्ही बाजूला ४५-४५ मिमी हवेत. तिथे बेडच्या आतल्या बाजूने ब्रॅकेट बाहेर काढून त्यावर रबर माउंट आणि त्यावर इंजिनाचे पाय, असा विचार आहे.

रत्नागिरीतला फॅब्रिकेटर म्हणतो स्टेनलेस ३०४ ची ५ मिमी प्लेट वाकवून चार एल बनवून देतो, प्रत्येकी १५० मिमी रुंद, आयुष्यात गंजणार नाहीत. एक मित्र म्हणतो अ‍ॅल्युमिनियम घे, हलकं पडेल. मामा म्हणतात लोखंडच, जुन्या ट्रॉलरना लोखंडच असतं. तिघांचंही ऐकताना पटतं आणि घरी आल्यावर परत डोक्यात गोंधळ. ज्यांनी स्वतः बसवलंय किंवा ज्यांना हिशोब येतो त्यांनी सांगा, धातू कुठला, जाडी किती, आणि चार सुटे तुकडे ठीक आहेत का. मुलांना घेऊन जायचंय त्यात, त्यामुळे पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील.

गझेट

भोसरीत मशीनच्या फ्रेम डिझाईन करतो, होड्या नाही, पण लोखंडावर लोड येतो तो सगळीकडे सारखाच येतो म्हणून लिहितोय. तुम्ही वजन मोजून आणलंत हे फार बरं केलंत, बहुतेक लोक अंदाजाने बोलतात.

पहिलं म्हणजे ब्रॅकेट ही इंजिन ठेवायची फळी आहे असं समजू नका. वजन हा त्यातला सगळ्यात साधा भाग. ३४० किलो भागिले ४ म्हंजे ८५, पण फ्लायव्हील आणि गिअरबॉक्स मागे असल्याने मागच्या दोघांवर जास्त येणार, १०० धरा. (हे पण मोजता येतं, इंजिन लेव्हलमध्ये ठेवून मागचे पाय काट्यावर आणि पुढचे तेवढ्याच उंचीच्या ठोकळ्यावर, काटा जेवढं दाखवेल तेवढं मागचं वजन.) आता होडी लाटेवरून आपटली की हे १०० किलो क्षणभर ३०० होतं.

दुसरं टॉर्क. २० एचपी १५०० आरपीएमला म्हणजे साधारण ९५ न्यूटन मीटर. पण इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र बोल्ट केलेले आहेत, त्यामुळे माउंटवर क्रँकचा टॉर्क येत नाही, शाफ्टचा येतो, तो २:१ मुळे १९०. हे खूप जण विसरतात. ४५० मिमी अंतरावर भागलं तर एका बाजूला साधारण ४३ किलो वाढतात आणि दुसऱ्या बाजूला तेवढेच कमी होतात, प्रत्येक माउंटला २१-२२ किलो. म्हंजे माउंटवर खाली दाब जास्तीत जास्त ३२० च्या आसपास, आपण ३५० धरू.

आता हे ३५० किलो बेडच्या भिंतीपासून ४५ मिमी लांब लटकतायत. १५० मिमी रुंद पट्टी, मुळाशी येणारा ताण ढोबळ हिशोबाने असा निघतो: ५ मिमी जाडीला २४७ मेगापास्कल, ६ ला १७१, ८ ला ९६, १० ला ६२. आपलं साधं आयएस २०६२ ई२५० लोखंड २५० ला कायमचं वाकतं. आणि गंमत म्हणजे, स्टेनलेस ३०४ चा यील्ड (ज्या ताणाला कायमचं वाकतं तो) कमीत कमी २०५ च धरायचा असतो, ३१६ चा पण तेवढाच. म्हणजे तुमच्या फॅब्रिकेटरचा ५ मिमी स्टेनलेस एल पहिल्याच जोरदार आपटीत वाकलेला राहू शकतो. स्टेनलेस म्हणजे लोखंडापेक्षा मजबूत हा समज इथे कामाचा नाही, ते गंजायला चिवट आहे, वाकायला नाही.

आणि न तुटणं एवढंच पुरत नाही. हलायला पण नको. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, ६ वरून १० मिमी केली की साडेचार पटीहून जास्त ताठ. दोन सिलिंडरचं फोर स्ट्रोक इंजिन १५०० ला सेकंदाला २५ वेळा फायर होतं, तासाला ९०,००० हिसके, ११ तासात जवळपास १० लाख. एवढ्या वेळा वाकणारा भाग कधीतरी वेल्डच्या कडेला फाटतोच. अ‍ॅल्युमिनियमचं इथेच अवघड होतं, त्याचा ताठपणा लोखंडाच्या एक तृतीयांश, आणि लोखंडाला एका मर्यादेखाली ताण ठेवला तर ते जवळजवळ अमर्याद हिसके सहन करतं, अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही. शिवाय खाऱ्या पाण्याला चालणारा ५०८३ ग्रेड दोन फूट तुकड्यात सहज मिळत नाही, आणि बाजारात मिळणारा ६०६१ वेल्ड केला की वेल्डच्या बाजूला ताकद बरीच उतरते.

माझं मत: चार सुटे तुकडे करू नका. प्रत्येक बाजूला एकच लांब अँगल, १००x७५x१० चा असमान, १०० ची बाजू उभी बेडला चिकटून खाली जाणारी आणि ७५ ची आडवी वर, कोपरा वरती. असा ठेवला की वरची बाजू पूर्ण सपाट मिळते, आतली गोलाई माउंटच्या आड येत नाही. ९०० मिमी लांब घेतला तर दोन मिळून २३-२४ किलो. प्रत्येक माउंटच्या दोन्ही बाजूंना खालून ८ मिमीचे त्रिकोणी गझेट (कोपऱ्याला आधार देणारे तुकडे). पण गझेट इतके जवळ नकोत की माउंटच्या नटला पाना लागणार नाही, हे कागदावर कधी लक्षात येत नाही.

बेडला बोल्ट करताना एक बघा, वजन बाहेर लटकतंय म्हणून वरची बोल्टची रांग बाहेर खेचली जाते, प्रत्येक माउंटपाशी २०० किलोच्या वर. एम १२ बोल्टला ते काहीच नाही, पण छोटा वॉशर लाकडात रुतेल. पलीकडच्या बाजूला सलग ५०x६ ची पट्टी टाका.

सरळसोट

एवढा हिशोब कशाला? आमच्याकडे बेडवर सरळ चॅनल टाकून इंजिन बोल्ट करतात, रबर नाही काही नाही, वीस वीस वर्षं चालतं. बेडच आतून ४५ मिमी लाकूड चिकटवून रुंद करा की, ब्रॅकेटच नको.

देवगडचो नाखवा

सरळसोट, लाकूड चिकटवायची कल्पना वाईट नाही पण ओंडका आधीच ग्लास केलेला आहे, त्यावरचा ग्लास पूर्ण तासून, ओला भाग नाही ना बघून मग चिकटवायचं, आणि तरी सगळा भार त्या चिकटलेल्या सांध्यावर आणि बोल्टवर. नवीन बांधताना मी पण तेच केलं असतं. आता मात्र अँगलच बरा.

शास्त्रीकाठ, माझ्यावर जे झालं ते सांगतो म्हणजे तुला अंदाज येईल. माझी २८ फुटी, तिच्यावर मी असेच स्टेनलेसचे सुटे ब्रॅकेट बसवले होते, ६ मिमीचे, वेल्ड करून घेतलेले. ३०४ की काय ते मला तेव्हा ठाऊक पण नव्हतं, चकचकीत होते एवढंच बघितलं. पहिला सीझन छान गेला. दुसऱ्या सीझनला वेल्डच्या कडेने चहाच्या डागासारखी एक बारीक तपकिरी रेघ दिसायला लागली, मी फडक्याने पुसली आणि पुढच्या आठवड्यात परत तिथेच. मला वाटलं वरचा गंज आहे. दिवाळीच्या सुमारास बाहेर असताना मागचा डावा ब्रॅकेट त्याच रेघेवर फाटला. इंजिन मागे खाली बसलं, शाफ्ट वाकडा झाला, ग्लँडमधून (शाफ्ट होडीबाहेर जातो तिथल्या पाणी अडवणाऱ्या सीलमधून) पाणी धारेने आत. आम्ही तिघे होतो, दोघे बादलीने पाणी काढत होते आणि एक नांगर टाकून हाका मारत होता. दुसऱ्या बोटीने ओढत आणलं. तो दिवस आठवला की अजून हात थंड पडतात. म्हणून सांगतो, रेघ दिसली की नुसती पुसू नको, ती चीर असू शकते.

आमचे जुने तांडेल तेव्हा बघायला आले आणि एकच म्हणाले, "अरे इंजिन बेडार बसता, अँगलार नाय." तेव्हा राग आला होता पण त्यांचं बरोबर होतं. फाटलेला ब्रॅकेट काढला तर त्याच्या मागे बेडचा ओंडका बोल्टच्या रांगेत उभा चिरलेला, कारण सगळे बोल्ट एकाच ओळीत, लाकडाच्या एकाच रेषेत मारले होते. बेड हलत होता म्हणून ब्रॅकेट वाकत होता म्हणून तो फाटला. तेव्हा बोल्ट वर खाली नागमोडी मार, एकाच रेषेत नको. आणि आरपार बोल्ट, लाकडात आवळायचे स्क्रू अजिबात नको, थरथरीने ते भोकं मोठी करत बाहेर येतात. ओंडका पण इंजिनापेक्षा बराच लांब पाहिजे, पुढे मागे दोन तीन वाकांना तरी धरून, तुझा किती लांब आहे ते लिहिलं नाहीस.

आणखी एक, पंखा होडीला ढकलतो ना, तो ढकलणारा जोर कुठून जातो? पंखा, शाफ्ट, गिअरबॉक्स, मग इंजिनाचे पाय, मग ब्रॅकेट, मग बेड. म्हणजे अख्खी होडी त्या चार ब्रॅकेटला धरून पुढे जाते. गझेटभाऊंनी वजन आणि टॉर्क सांगितला पण हे राहिलं.

गझेट

नाखवा, बरोबर, हे माझं राहून गेलं आणि ते सगळ्यात महत्त्वाचं निघालं. आकडा काढून बघितला. विस्थापनाने चालणाऱ्या (पाणी बाजूला सारत जाणाऱ्या) होडीला ढोबळ मानाने दर एचपीला १२ किलो थ्रस्ट (ढकलणारा जोर) धरला तर २० एचपीला २४० किलो. ६ नॉटला पंख्याची कार्यक्षमता निम्मी धरून उलटं काढलं तरी २४५ च येतात. म्हणजे वजनाच्या तीन चतुर्थांश जोर आडवा, आणि रिव्हर्स टाकला की उलट दिशेला. १५० मिमीचा सुटा तुकडा या जोराने पिळवटतो, कारण माउंट त्याच्या वर उंच आणि बाहेर आहे. लांब अँगलमध्ये पुढचा आणि मागचा माउंट एकमेकांना धरून ठेवतात. माझं सुट्या तुकड्यांबद्दलचं मत आता आणखी पक्कं झालं.

शास्त्रीकाठ

खूप आभार सगळ्यांचे. नाखवा, तुमचं वाचून अंगावर काटा आला. बेड साडेसात फूट लांब आहे, पाच वाकांवर. शाफ्टचा उतार ९ अंश आणि बेड त्याच उताराला समांतर केलाय.

लांब अँगल नक्की. आता प्रश्न गंजाचा. साधं लोखंड आणि रंग, की गॅल्व्हनाइज, की १० मिमी जाड ३१६? आणि बोल्ट स्टेनलेसचे आणले आहेत एम १२ चे ए४-७०, ते गॅल्व्हनाइजबरोबर चालतात का, एकाने सांगितलं वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना खातात. माझी ग्लँड पितळी आहे आणि स्टर्न ट्यूबला (शाफ्ट ज्यातून बाहेर जातो त्या नळीला) घट्ट बसवलेली, रबर माउंट घेतले तर त्याचं काय?

इंजिनरूम

मर्चंट नेव्हीत इंजिन रूममध्ये १४ वर्षं काढली, आता अलिबागला घरी. तुमचा धागा कालपासून वाचतोय.

ब्रॅकेटला हॉट डिप गॅल्व्हनाइज केलेलं साधं लोखंड, माझं मत एवढंच. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं म्हणून ते मीठ ३०४ पेक्षा चांगलं सोसतं हे खरं, पण स्टेनलेसला जिवंत राहायला हवा लागते. त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा ऑक्सिजनवर टिकतो. ओल्या लाकडाला चिकटलेली बाजू, वॉशरखालची फट, तिथे खारं पाणी साचलं आणि हवा नसली की ते आतून पोखरलं जातं आणि वरून चकचकीत दिसत राहतं. लोखंड निदान आधी सांगतं, तांबडं होतं, फुगतं, रंग उचलतं. इंजिनाखाली जिथे रोज हात जात नाही तिथे मला बोलणारा धातू आवडतो. नाखवांच्या ब्रॅकेटबद्दल माझा अंदाज, साधं ३०४ वेल्ड केलं की वेल्डच्या शेजारी क्रोमियम कार्बनबरोबर जाऊन बसतं आणि ती पट्टी गंजाला उघडी पडते, त्यात वर हिसके. स्टेनलेसच करायचं असेल तर ज्याच्या नावात एल आहे तो ३१६एल घ्या, कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत. पण चुंबक लावून ओळखू नका, ३०४ आणि ३१६ दोन्हीला चुंबक जवळजवळ लागत नाही. मॉलिब्डेनम ओळखायचं थेंबाचं टेस्ट किट मिळतं, नाहीतर टेस्ट सर्टिफिकेट मागा. आणि खर्च लोखंडाच्या चार पाच पट.

गॅल्व्हनाइज म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेलं, साधारण ४५० अंशाला. १० मिमी लोखंडावर जस्ताचा थर ८५ मायक्रॉनच्या आसपास बसतो. हार्डवेअरच्या दुकानातलं निळं पिवळं चमकणारं प्लेटिंग वेगळं, ते १० मायक्रॉनच्या आसपास, खाडीत एक पावसाळा काढत नाही. क्रम नीट पाळा: आधी सगळं कापणं, वेल्डिंग, भोकं, खाचा, मग डिपिंग. नंतर एक जरी भोक मारलं तरी तिथे उघडं लोखंड. जस्त भोकात भरतं म्हणून भोकं १-२ मिमी मोठी ठेवा. गझेटचा आतला कोपरा २० मिमी कापून टाका, नाहीतर आम्ल त्या कोपऱ्यात अडकतं आणि नंतर महिनोन्‌महिने पाझरत राहतं. वेल्ड पूर्ण फिरवून बंद करा, अर्धवट टाके नकोत. दोन अँगलसाठी प्लांटवाले दारात उभं करत नाहीत, गेट किंवा टॉवरचं काम करणाऱ्या फॅब्रिकेटरच्या लॉटबरोबर पाठवा. आल्यावर सरळ काठी लावून बघा, गरमीने थोडा पिळ बसलेला असू शकतो. वरून रंग द्यायचा तर इपॉक्सी, साधा ऑइल पेंट जस्तावर टिकत नाही, साबणासारखं होऊन सुटतो.

बोल्टचं: वेगळे धातू एकमेकांना खातात हे बरोबर, पण कोण मोठा कोण छोटा त्यावर किती वेगाने ते ठरतं. जस्ताचा मोठा अँगल आणि स्टेनलेसचा छोटा बोल्ट, तर झीज मोठ्या जागेवर पसरते, चालतं. उलटं, म्हणजे स्टेनलेसचा ब्रॅकेट आणि गॅल्व्हनाइज बोल्ट, तर बोल्टच लवकर संपतो. तुमचे ए४ वापरा, बोल्टच्या आट्यांना अँटीसीझ लावा नाहीतर स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर जाम होऊन बसतो, मग कापावाच लागतो. बेडमधली भोकं आधी मोठी पाडून इपॉक्सीने भरा आणि सुकल्यावर त्यात १२ चं भोक पाडा, म्हणजे पाणी लाकडात जाणार नाही आणि बोल्ट ओल्या लाकडात बसणार नाही. तांबं पितळ अ‍ॅल्युमिनियमपासून लांब, हे तर अ‍ॅल्युमिनियम नको म्हणण्याचं आणखी एक कारण.

आता रबर. माउंट मरीनचेच घ्या, ट्रकचे नकोत. मरीनवाल्याला वरती लोखंडी टोपी असते ज्याने डिझेल आणि ऑइल रबरवर पडत नाही, थ्रस्ट झेलायची सोय असते, आणि रबर फाटलं तरी इंजिन सुटून उडत नाही. पुढच्या मागच्यासाठी वेगळ्या कडकपणाचे लागू शकतात, तुमचं वजन त्यांच्या रेंजच्या मधोमध यायला हवं. वजनाने रबर ५ मिमी बसलं तर त्याची स्वतःची कंपनं सेकंदाला ७ च्या आसपास येतात, तुमचं इंजिन ७०० च्या आयडलला ११-१२ ला हिसके देतं, चांगलं अंतर आहे. स्टडवर इंजिनाचा पाय जितका खाली तितकं चांगलं, उंची कमी पडली तर नट वर चढवू नका, माउंटखाली गॅल्व्हनाइज प्लेट टाका. वर चढवलेला स्टड लिव्हरसारखा वाकतो.

ग्लँड मात्र बदलावी लागेल. इंजिन हलतं आणि ग्लँड घट्ट, हे सगळ्यात वाईट, शाफ्ट रोज ग्लँडला मारत राहतो. एकतर दोन्ही घट्ट, जसं सरळसोट म्हणतायत, जड लाकडी बोटीत ते खरंच चालतं, किंवा दोन्ही लवचिक. १२ मिमी प्लायच्या २२ फुटीत दोन सिलिंडर घट्ट बसवलं तर घरचे दुसऱ्यांदा बसणार नाहीत. जाड रबरी होजवर बसणारी ग्लँड घ्या, दोन्ही टोकांना दोन दोन स्टेनलेस क्लँप.

सरळसोट

इंजिनरूम साहेब, पटलं. आमच्या बोटी ४० फुटी, जड, त्यांचा अनुभव या होडीला लावायला नको होता.

देवगडचो नाखवा

अलाइनमेंट (इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणणं) जमिनीवर पक्की करू नकोस. जमिनीवर फक्त जवळपास आण. होडी पाण्यात दोन दिवस राहू दे, डिझेल पाणी माणसं घेऊन बसते तशी बसू दे, मग कपलिंग (गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या चकत्या) सोडून मधल्या फटीत फीलर गेज (फट मोजायची पातळ पत्ती) घाल. टेकूवर असलेली होडी आणि तरंगणारी होडी यांचा आकार वेगळा असतो. आणि मेरीटाईम बोर्डाकडे नोंदणीला जाशील तेव्हा बेडचे आणि अँगलचे फोटो काढून ठेव, इंजिन बसल्यावर ते दिसत नाहीत.

शास्त्रीकाठ

मधे बराच काळ लिहिलं नाही, पाऊस आणि गॅल्व्हनाइजिंगची वाट बघण्यात गेला. आता पूर्ण झालं म्हणून सविस्तर लिहितोय.

कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून १००x७५x१० चा अँगल आणला, ९०० मिमीचे दोन. फॅब्रिकेटर आधी नाराज होता, मी इथला हिशोब प्रिंट काढून दाखवला तेव्हा तो स्वतःच म्हणाला माझ्या डोक्यात फक्त गंज होता. मग त्यानेच मनापासून काम केलं, गझेटचे कोपरे कापलेले, वेल्ड पूर्ण फिरवलेले. एका गेटच्या लॉटबरोबर डिपिंगला गेले. परत आले तेव्हा एक अँगल ९०० मध्ये ३ मिमी वाकला होता, तो बेडला खेचून बोल्ट करण्याऐवजी बेडवर घट्ट इपॉक्सीची लगदी घालून, अँगलला मेण लावून बसवला, सुकल्यावर काढला तर बरोबर त्याच्या आकाराची गादी तयार. प्रत्येक बाजूला आठ बोल्ट, नागमोडी, पलीकडे ५०x६ ची गॅल्व्हनाइज पट्टी.

एक चूक लवकर सापडली ते बरं झालं. पुढच्या उजव्या माउंटच्या एका नटला पाना जात नव्हता, गझेट आड. गझेटभाऊ, तुम्ही सांगितलं होतं तरी नजरचुकीने झालं. डिपिंगच्या आधी लाकडी ठोकळ्यावर सगळं जुळवून बघितलं म्हणून कळलं, गझेट कापून २५ मिमी सरकवला. डिपिंगनंतर कळलं असतं तर सगळं परत करावं लागलं असतं, तेव्हा कोणी करणार असेल तर आधी जुळवून बघाच.

मागचे पाय काट्यावर ठेवले तर १९६ किलो निघाले, म्हणजे मागे प्रत्येकी ९८, पुढे ७२. त्याप्रमाणे मागे कडक आणि पुढे नरम माउंट घेतले. इंजिन माउंटवर पाच दिवस तसंच ठेवलं, रबर बसायला.

नारळी पौर्णिमेला नारळ वाढवून पाण्यात सोडली. तिसऱ्या दिवशी कपलिंग सोडून बघितलं तर वर ०.३५ मिमी फट आणि खाली शून्य, जमिनीवर तीच ०.०५ होती. नाखवा, तुम्ही म्हणालात तसंच. १०० मिमीच्या कपलिंगला ०.१ च्या आत पाहिजे, मागचे दोन्ही नट पाव पाव फेरा करत, प्रत्येक वेळी शाफ्ट चारही बाजूंनी फिरवून मोजत, संध्याकाळपर्यंत ०.०८ वर आणली. होजवाली ग्लँड मिनिटाला दोन तीन थेंब टाकते, तेवढं हवंच म्हणतात.

१० तास चालवून सगळे बोल्ट परत तपासले. अँगलचे सोळापैकी मागच्या डाव्या माउंटपाशी दोन बोल्ट थोडे आवळले गेले, बाकी हलले नाहीत. टॉर्क कुठे जास्त येतो ते त्यात दिसलं. ९०० आरपीएमला थोडी थरथर जाणवते, १२०० च्या पुढे एकदम शांत, धाकटी झोपली होती परत येताना.

इंजिनरूम

उत्तम. ९०० ची थरथर माउंटपेक्षा एक्झॉस्टमुळे असू शकते, एक्झॉस्टचा पाइप कुठे घट्ट बांधलेला नाही ना बघा, इंजिन हलतं आणि पाइप हलत नसेल तर तोच होडीला हलवतो. इंजिन आणि पाइपच्या मधे लवचिक तुकडा हवा. ५० तासांनी कपलिंग परत एकदा सोडून मोजा, नवीन रबर तोपर्यंत अजून थोडं बसेल.

शास्त्रीकाठ

एक्झॉस्ट खरंच वाकाला क्लँप केलाय घट्ट. रविवारी सोडून बघतो आणि इथे लिहितो.